आपलं 'लवकर' एकच, इंग्रजीत मात्र फास्ट, क्विकली, रॅपिडली, सून... कुठला कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे की इंग्रजीत फास्ट, क्विकली, रॅपिडली, स्विफ्टली, सून, प्रॉम्प्टली, हेस्टिली असे वेगाचे ढीगभर शब्द आहेत आणि डिक्शनरी उघडली की सगळ्यांपुढे 'लवकर, जलद, त्वरेने' हेच तीन शब्द आलटून पालटून लिहिलेले असतात, मग कुठला कधी वापरायचा, 'फास्टली' का चालत नाही, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'हे जरा लवकर करा' नेमकं कसं लिहायचं. मी बरीच वर्षं भाषांतराचं आणि इंग्रजी मजकूर तपासायचं काम करतोय, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिकवतोही, आणि माझं मत अगदी स्पष्ट आहे की हा फरक मराठी माणसाला मुळातच माहीत असतो, फक्त तो 'लवकर' या एका शब्दाखाली झाकला गेलाय. त्यामुळे नियम पाठ करण्याआधी स्वतःलाच एक प्रश्न विचारायची सवय लावा. इथे लवकर म्हणजे किती वेगाने, किती वेळात, किती वेळाने, की किती वाजता?

हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत हे आधी नीट बघा. किती वेगाने, म्हणजे हालचाल चालू असताना ती कशी चाललीय, ताशी किती किलोमीटर, मिनिटाला किती शब्द, इथे इंग्रजीत फास्ट. किती वेळात, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती वेळ गेला, इथे क्विकली. किती वेळाने, म्हणजे आत्तापासून ते काम घडेपर्यंत मध्ये किती वेळ जाणार, इथे सून, प्रॉम्प्टली, इमिजिएटली ही सगळी मंडळी. आणि किती वाजता, म्हणजे ठरलेल्या किंवा नेहमीच्या वेळेच्या आधी का, तिथे अर्ली. गंमत बघा, 'वेळात' आणि 'वेळाने' हा फरक मराठी नुसत्या प्रत्ययावर करते, 'दहा मिनिटांत लिहितो' म्हणजे लिहायला दहा मिनिटं लागतील आणि 'दहा मिनिटांनी लिहितो' म्हणजे दहा मिनिटं थांबून मग लिहायला घेतो, आणि यात कुठल्याही मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र 'आय विल राइट इट इन टेन मिनिट्स' या एकाच वाक्याचे हे दोन्ही अर्थ होतात आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून ठरवावं लागतं. म्हणजे या ठिकाणी आपली भाषा जास्त काटेकोर आहे, तिचाच आधार घ्यायचा.

आता अडचण कुठे होते ते सांगतो. 'लवकर ये' या दोन शब्दांत तीन गोष्टी बसतात. आई मुलाला बाहेर जाताना म्हणते लवकर ये, म्हणजे फार वेळ लावू नकोस, 'कम बॅक सून'. उद्या गर्दी असणारे तर लवकर ये, म्हणजे नेहमीच्या वेळेआधी ये, 'कम अर्ली'. आणि काहीतरी घडलंय, धावत ये, ते 'कम क्विकली' किंवा बोलताना 'कम क्विक'. यातलं कुठलंही वाक्य मनात असलं तरी आपल्याकडचा माणूस 'कम फास्ट' म्हणून मोकळा होतो, आणि ते ऐकणाऱ्या इंग्रज माणसाच्या डोळ्यासमोर येतं की याला येताना स्पीड वाढवायला सांगतायत. समजत नाही असं नाही, समजतं, पण खटकतं. 'लवकर बरा हो' हे 'गेट वेल सून' आहे, तिथे क्विकली सुद्धा चाललं असतं पण शुभेच्छा म्हणून सूनच रुळलंय. 'मी लवकर उठतो' हे 'आय गेट अप अर्ली', आणि तिथे 'आय गेट अप फास्ट' म्हटलंत तर अर्थ होतो की मी अंथरुणातून टुणकन उडी मारून उठतो, मग भले सकाळचे अकरा वाजलेले असोत. 'गाडी लवकर आली' हे वाक्य तर मी वर्गात मुद्दाम देतो, कारण ट्रेन अर्ली आली म्हणजे टाइमटेबलच्या आधी आली, सून आली म्हणजे आम्ही स्टेशनवर पोचलो आणि फार थांबावं लागलं नाही, आणि ती फास्ट आली हे फक्त तेव्हाच म्हणता येतं जेव्हा प्लॅटफॉर्ममध्ये शिरताना तिचा वेग जास्त होता. उशिरा सुटलेली ट्रेन फास्ट धावूनही लेट पोचते, म्हणजे वेग आणि वेळ हे दोन वेगळे हिशोब आहेत.

फास्ट आणि क्विकली यातला फरक सगळ्यात जास्त विचारला जातो म्हणून तिथे थोडं थांबतो. मराठीत 'कन' वाले शब्द आठवा, पटकन, चटकन, झटकन, टुणकन. आणि दोनदा येणारे शब्द आठवा, भरभर, झपझप, सरसर. 'कन' वाला शब्द एकदाच घडून संपणाऱ्या गोष्टीला लागतो, पटकन दार लावलं, चटकन लक्षात आलं, झटकन हात मागे घेतला. दुहेरी शब्द चालू राहणाऱ्या क्रियेला लागतो, भरभर चालतो, भरभर बोलते, सरसर चढला. 'भरभर लक्षात आलं' असं कुणी म्हणत नाही आणि तुम्हाला ते कुणी शिकवलेलंही नाही, कान सांगतो. हाच कान इंग्रजीला लावा. रन, ड्राइव्ह, टॉक, फ्लो, स्पिन, हृदयाचं बीट होणं, अशा चालू राहणाऱ्या क्रियांना फास्ट, आणि नोटिस, डिसाइड, क्लोज, फिनिश, रिअलाइज अशा एका टोकाला जाऊन संपणाऱ्या क्रियांना क्विकली. 'ही टॉक्स फास्ट' म्हणजे भरभर बोलतो. 'ही क्विकली नोटिस्ड द मिस्टेक' म्हणजे चटकन चूक दिसली. मध्ये बसणारा शब्द म्हणजे 'पटपट', कारण पटपट आवर म्हणताना छोट्या छोट्या बऱ्याच कामांची रांग असते आणि ती सगळी मिळून कमी वेळात संपवायची असते, तर तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा क्विकली बसतं.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. टायपिंग करणारी एक बाई आहे, तिचा हात मिनिटाला ऐंशी शब्दांचा आहे. 'शी टाइप्स फास्ट' हे तिच्याबद्दल कायम खरं आहे, ती झोपलेली असतानाही खरं आहे, कारण ते तिच्या हाताच्या वेगाबद्दल आहे. आज तिच्याकडे एक पानभर पत्र आलं, पण मध्ये चार फोन आले, वीज गेली, साहेबांनी बोलावलं, पत्र संध्याकाळी झालं. आता 'शी टाइप्ड द लेटर क्विकली' म्हणता येणार नाही. दुसरीकडे तिच्या शेजारचा नवशिका दोन बोटांनी टाइप करतो, पण त्याचं पत्र तीन ओळींचं होतं, पाच मिनिटांत दिलं, त्याने 'क्विकली' दिलं, पण तो 'फास्ट' टायपिस्ट नाही. विशेषणांमध्येही हाच फरक आहे, फास्ट कार असते आणि क्विक मीटिंग असते, फास्ट ट्रेन असते आणि क्विक लुक असतो, म्हणजे एक वेगाचा आणि दुसरा वेळेचा.

आता हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की बोलताना इंग्रज आणि अमेरिकन लोक ही रेघ बिनधास्त ओलांडतात. एखादं काम चटकन झालं की 'दॅट वॉज फास्ट' म्हणतात, 'थिंक फास्ट' म्हणतात, 'फास्ट लर्नर' आणि 'क्विक लर्नर' दोन्ही सर्रास चालतं, आणि 'कम क्विक' मध्ये 'ली' सुद्धा खाऊन टाकतात. त्यामुळे कुणी असं बोललं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. पण लिहिताना, विशेषतः परीक्षेत, रिपोर्टमध्ये, अर्जात, वेग असेल तर फास्ट आणि वेळ असेल तर क्विकली एवढं पाळलंत तर कधीच चुकणार नाही.

'फास्टली' बद्दल. इंग्रजीत काही क्रियाविशेषणं अशी आहेत की ती विशेषणासारखीच दिसतात, फास्ट, हार्ड, लेट, अर्ली, त्यांना 'ली' लागत नाही. लागलं तर अर्थच बदलतो, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनत करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे काम जवळजवळ करतच नाही, लेट म्हणजे उशिरा आणि लेटली म्हणजे हल्ली. 'फास्टली' सारखं रूप जुन्या इंग्रजीत होतं, पण त्याचा अर्थ होता घट्टपणे, पक्केपणाने, आणि आजच्या प्रमाण इंग्रजीत ते उरलेलं नाही. म्हणजे तर्काने बघितलं तर फास्टली व्हायला हरकत नव्हती, पण भाषा तर्काने चालत नाही, वापराने चालते, आणि वापरात ते नाही. तुलना करताना सुद्धा फास्टर, फास्टेस्ट, बस, 'मोअर फास्ट' नाही. क्विकलीचं मात्र 'मोअर क्विकली' होतं आणि बोलताना 'क्विकर' चालतं.

घट्टपणे म्हटल्यावर तुमच्या मनात आलं असेल की घट्ट आणि वेगवान यांचा काय संबंध. संबंध आहे. फास्टचा मूळ अर्थच घट्ट, न हलणारा, म्हणून आजही 'होल्ड फास्ट' म्हणजे घट्ट धर, 'स्टक फास्ट' म्हणजे पक्कं अडकलेलं, आणि 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, तिथे वेगाचा काही संबंध नाही. कपड्याचा रंग 'फास्ट' आहे म्हणजे तो जात नाही. सीटबेल्ट 'फासन' करतात तोही यातलाच. घट्ट वरून जोर लावून, नेट धरून असा अर्थ झाला, जोर लावून पळणं म्हणजे वेगात पळणं, असा तो सरकत गेला. उपवासाचा फास्ट सुद्धा याच घरातला, नेमाला घट्ट धरून राहणं. आणि क्विकचा मूळ अर्थ आहे जिवंत. पाऱ्याला इंग्रजीत क्विकसिल्व्हर म्हणतात ते तो पळतो म्हणून वाटतं, पण मूळ अर्थ जिवंत चांदी. नखाखालच्या नाजूक मांसाला 'क्विक' म्हणतात कारण तो जिवंत भाग, आणि ख्रिस्ती प्रार्थनेत 'द क्विक अँड द डेड' येतं ते जिवंत आणि मेलेले या अर्थाने. आपला 'जीव' आणि इंग्रजीतला 'क्विक' हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत, लॅटिनमधला 'विवुस' पण तिथलाच. हे मला फार आवडतं, आणि उपयोगीही आहे, कारण क्विकमध्ये आजही चपळाई, जागरूकपणा, प्रतिसाद यांचा वास आहे जो फास्टमध्ये नाही. क्विक माइंड म्हणजे तल्लख डोकं.

वाक्यात जागा कुठे, हा मुद्दा बहुतेक पुस्तकं एका ओळीत उरकतात पण तो महत्त्वाचा आहे. फास्ट सहसा क्रियापदाच्या नंतर, कर्म असेल तर कर्माच्याही नंतर, 'ही ड्राइव्ह्ज द कार फास्ट'. 'ही फास्ट ड्राइव्ह्ज' हे मराठी वाक्यरचनेतून येतं, आपण 'तो जोरात चालवतो' म्हणतो म्हणून. क्विकली मात्र दोन्हीकडे बसतं आणि जागा बदलली की छटा बदलते. 'शी क्विकली क्लोज्ड द डोअर', म्हणजे काही तरी दिसलं आणि तिने वेळ न घालवता दार लावून घेतलं, भर तिच्या तत्परतेवर. 'शी क्लोज्ड द डोअर क्विकली', म्हणजे दार लावण्याची क्रियाच झटक्यात केली, भर हाताच्या हालचालीवर. फरक बारीक आहे आणि प्रत्येक लेखक तो पाळतो असं नाही, पण गोष्ट किंवा बातमी लिहिताना तो हाताशी असला की वाक्य नेमकं होतं.

रॅपिडली हे मराठीत 'झपाट्याने'. लोकसंख्या झपाट्याने वाढली, आजार झपाट्याने पसरला, तब्येत झपाट्याने खालावली, हे सगळं रॅपिडली. जिथे ग्राफ काढता येईल, जिथे बदलाचा दर मोजता येईल तिथे हा शब्द शोभतो, म्हणून विज्ञानाच्या आणि अर्थकारणाच्या लिखाणात तो सारखा दिसतो. माणूस दारापर्यंत रॅपिडली गेला असं लिहिलं तर चूक नाही पण माणसाऐवजी यंत्र चाललंय असं वाटतं. मूळ लॅटिनमधलं, ओढून नेणं, हिसकावणं या अर्थाचं क्रियापद, आणि नदीच्या खळाळत्या टप्प्याला रॅपिड्स म्हणतात त्यात तो ओढून नेण्याचा भाव आजही दिसतो. याच्याच शेजारी हल्ली 'एक्स्पोनेन्शिअली' हा शब्द नुसत्या 'खूप जोरात' या अर्थाने फेकला जातो, ते टाळा. त्याचा अर्थ ठरलेला आहे, जेवढं आहे त्याच्या प्रमाणात वाढ, म्हणजे ठराविक काळात दुप्पट, पुन्हा तेवढ्याच काळात दुप्पट. दर महिन्याला शंभराची भर पडत असेल तर वाढ कितीही मोठी वाटली तरी ती एक्स्पोनेन्शिअल नाही.

स्विफ्टली मध्ये वेग आहे पण खळखळ नाही, सफाई आहे. पक्ष्याचं उडणं, पथकाचं कारवाई करणं, न्याय मिळणं. ब्रिस्कली म्हणजे झपझप, उत्साहाने, चालण्यासाठी आणि व्यापारासाठी. 'अपेस' म्हणजे भराभर आणि 'पोस्टहेस्ट' म्हणजे तातडीने, हे जुने झाले, वाचताना कळले म्हणजे पुरे, पोस्टहेस्ट हा सोळाव्या शतकात पत्रावर 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट' अशी सूचना लिहायचे त्यावरून आलाय, घोड्यावरून टपाल नेणाऱ्याला उद्देशून.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण यात चूक झाली तर व्याकरण बिघडत नाही, माणसावर अन्याय होतो. वेगाचे काही शब्द नुसता वेग सांगत नाहीत, ते निवाडा देतात. समजा एका अधिकाऱ्याने फाइल आली त्याच दिवशी सही केली. 'ही साइन्ड इट क्विकली', ही नुसती माहिती. 'ही साइन्ड इट प्रॉम्प्टली', ही शाबासकी, दिरंगाई केली नाही. 'ही साइन्ड इट हरिडली', गडबडीत होता, कुठे तरी जायचं असेल, दोष परिस्थितीचा. 'ही साइन्ड इट हेस्टिली', हा आरोप झाला, नीट न वाचता सही केली. घटना तीच, दिवस तोच, आणि एका शब्दाने माणूस तत्पर तरी ठरतो नाहीतर बेजबाबदार. मराठीतही असंच आहे, तत्परतेने, घाईगडबडीत, उतावीळपणे, तडकाफडकी. 'तडकाफडकी राजीनामा' साठी इंग्रजीत अब्रप्टली चांगलं बसतं, मधेच तोडल्यासारखं, आणि मूळ लॅटिन अर्थही तोडणं हाच आहे. भाषांतर करणाऱ्याने इथे डोळ्यात तेल घालून बघावं. मूळ मजकुरात 'घाईने' असेल तर ती घाई दोष म्हणून लिहिलीय की नुसती धावपळ म्हणून, हे ठरवल्याशिवाय हेस्टिली लिहू नये.

आणि सडनली. हा वेगाचा शब्द नाहीच, तरी यादीत त्याला कायम घुसवतात. अचानक म्हणजे अपेक्षा नसताना. 'तो अचानक सावकाश चालायला लागला' हे मराठीत पूर्ण बरोबर आहे आणि इंग्रजीतही 'सडनली ही बिगन टु वॉक स्लोली' बरोबर आहे.

आता सून आणि त्याचे नातेवाईक. जगभरच्या भाषांमध्ये एक गोष्ट वारंवार होते, 'आत्ताच्या आत्ता' असा अर्थ असलेला शब्द वापरून वापरून ढिला पडतो आणि 'थोड्या वेळाने' वर येतो, कारण माणूस आत्ता म्हणतो आणि करतो मात्र नंतर. आपला 'आत्ता येतो' ऐकून किती वेळ थांबायचं हे ज्याला त्याला अनुभवाने माहीत असतं. सून या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'तत्क्षणी' असा होता. 'प्रेझेंटली' चं तेच झालं, आधी 'ताबडतोब', मग 'थोड्या वेळाने', आणि अमेरिकेत आज त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'सध्या'. 'बाय अँड बाय' आज 'यथावकाश' आहे, पण १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो 'ताबडतोब' या अर्थाने आलेला आहे, आजच्या वाचकाला ते वाक्य उलटंच समजेल. 'मोमेंटरिली' तर समुद्र ओलांडला की बदलतो, अमेरिकेत विमान 'मोमेंटरिली' उतरणार म्हणजे क्षणभरात उतरणार, आणि ब्रिटिश वापरात त्याचा अर्थ क्षणभरासाठी उतरणार. म्हणून दोन देशांतले लोक वाचणार असतील तर प्रेझेंटली आणि मोमेंटरिली हे दोन शब्द मी सरळ काढून टाकतो.

वेगाचा शब्द ढिला ठेवला तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातलं आहे. १९५४ मध्ये 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात कोर्टाने निकाल दिला की काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनेच्या विरुद्ध आहे. मग अंमलबजावणी कधी करायची यावर ३१ मे १९५५ ला दुसरा निकाल आला आणि त्यात शब्द होते 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड'. डेलिबरेट म्हणजे विचारपूर्वक, सावकाश तोलून मापून. स्पीड म्हणजे वेग. हे दोन शब्द शेजारी ठेवल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांनी पहिला शब्द उचलला आणि दुसरा सोडून दिला, वर्षामागून वर्षं गेली, व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर शाळा एकत्र करण्यापेक्षा १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. शेवटी १९६९ मध्ये 'अलेक्झांडर विरुद्ध होम्स काउंटी' खटल्यात कोर्टाने ती भाषा बाजूला ठेवली आणि लिहिलं 'ॲट वन्स'. अर्थात दिरंगाई फक्त शब्दांमुळे झाली असं मी म्हणत नाही, ज्यांना करायचंच नव्हतं त्यांनी दुसरी पळवाट शोधली असती, पण त्या शब्दांनी त्यांना कायदेशीर आडोसा दिला हे खरं. ज्यांच्या शिक्षणाची वर्षं त्यात गेली ती मुलं होती, म्हणून 'लवकर' कसं लिहायचं हा मला किरकोळ प्रश्न वाटत नाही.

नीट लिहिण्याचा नमुना हवा असेल तर भारताच्या घटनेचं कलम २२ बघा. अटकेची कारणं 'ॲज सून ॲज मे बी' सांगायची असं त्यात म्हटलंय, म्हणजे शक्य तितक्या लवकर, पण मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायला मात्र नुसतं लवकर न म्हणता चोवीस तासांचा आकडा घातलाय, प्रवासाचा वेळ वगळून. जिथे टाळाटाळीची शक्यता जास्त तिथे क्रियाविशेषणावर न विसंबता आकडा घातला.

आता तुमच्या मेलचा प्रश्न. इमिजिएटली म्हणजे मध्ये काहीही न येता, हातातलं सोडून आधी हे, तो शब्द राखून वापरा, रोज वापरला की त्याची धार जाते आणि समोरच्याला अपमानही वाटतो. प्रॉम्प्टली म्हणजे विनाविलंब, हा सभ्य आणि कामाचा शब्द, पण त्याचा एक दुसरा अर्थ 'ठोक्याला' असाही आहे, 'प्रॉम्प्टली ॲट नाइन' म्हणजे नवाच्या ठोक्याला. एक्स्पिडिशसली हा कोर्टकचेरीचा शब्द, मूळ अर्थ पायातली बेडी काढणं, म्हणजे अडथळे दूर करून काम पुढे नेणं, मोठ्या अर्जात ठीक, रोजच्या मेलमध्ये जड होतो. 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' म्हणजे तुमच्या सवडीने जमेल तेव्हा, घाईच्या कामाला हे लिहिलंत तर समोरचा सवडीनेच करणार आणि त्यात त्याची चूक नाही.

आपल्याकडच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे 'प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट'. आपल्याकडे याचा अर्थ लवकरात लवकर, पण बाहेरच्या इंग्रजी वाचकासाठी 'मंडे ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे सोमवारच्या आधी शक्य नाही, लवकरात लवकर म्हटलं तरी सोमवार उजाडेल. म्हणजे तुम्ही घाई करताय आणि त्याला तो शब्द मुदतीची खालची मर्यादा वाटतो. देशाबाहेर मेल जाणार असेल तर 'ॲज सून ॲज पॉसिबल' लिहा, आणि खरं तर तेही एकटं लिहू नका, कारण पॉसिबल कधी हे समोरचाच ठरवणार. तारीख आणि वेळ घाला, आणि घाई का आहे ते एका वाक्यात सांगा, 'वुड यू सेंड द फाइल बाय फोर ऑन फ्रायडे, द प्रिंटर नीड्स इट दॅट इव्हनिंग'. यात एकही वेगाचं क्रियाविशेषण नाही आणि फाइल वेळेत येते.

फक्त तिथे 'बाय' लिहा, 'अन्टिल' लिहू नका, कारण मराठीत दोन्हीला 'पर्यंत' म्हणतो. 'शुक्रवारपर्यंत फाइल पाठवा' हे बाय फ्रायडे, म्हणजे शुक्रवार संपायच्या आत एकदा. 'शुक्रवारपर्यंत थांबा' हे अन्टिल फ्रायडे, म्हणजे शुक्रवार येईपर्यंत सलग. 'सेंड द फाइल अन्टिल फ्रायडे' लिहिलंत तर समोरच्याने शुक्रवार येईपर्यंत तीच फाइल रोज पाठवत राहायची असा अर्थ होतो.